मोकळा हात

मुद्रितशोधकाचा डोळा ही जन्माची खोड असते. लग्नाची पत्रिका हातात आली, की इतर माणसं मुहूर्त पाहतात, कार्यालय कुठलं ते पाहतात. मुद्रितशोधक 'आशीर्वाद'मधला 'शी' दीर्घ आहे ना, ते आधी पाहतो. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या खोक्यांवरच्या सूचना, इतकंच काय, देवळाच्या फरशीवर कोरलेली देणगीदारांची नावं – कुठेही गेलं तरी नजर अनुस्वारापाशी अडखळते. गिरगावातल्या एका छापखान्यात मी एकतीस वर्षं हे काम केलं. सुरुवातीला शिशाच्या खिळ्यांवरून काढलेली दमट गॅली-प्रुफं हातात पडत, पुढे संगणकावरची कोरी पानं आली. काम तेच राहिलं. काहीही सुटता कामा नये! ज्या धंद्यात काही न सोडणं हीच सगळी विद्या, त्या धंद्यात आयुष्य काढलेल्या बाईनं साठाव्या वर्षी काय शिकायला घ्यावं? तर चित्रातून काय काय सोडून द्यायचं, ते!

नोकरी संपली तेव्हा मला कामाला लावायचे बेत घरातल्यांनी आणि शेजारणींनी आधीच आखून ठेवले होते. भजनी मंडळ होतं, योगवर्ग होता, पुण्याच्या लेकीकडे जाऊन नातीला सांभाळायचं होतं. शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा दिल्या होत्या. तसली प्रमाणपत्रं महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत कुठल्याशा ट्रंकेच्या तळाशी सापडतील. तेवढ्या भांडवलावर मी दादरच्या एका वर्गात नाव घातलं. रविवारी सकाळी एका शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत हा वर्ग भरतो. शिकवायचं ते तैलरंगातलं व्यक्तिचित्र. शिकवणारे सत्तरी ओलांडलेले, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. वर्गातली तरुण मंडळी त्यांना 'सर' म्हणतात. मला 'मास्तर' हाच शब्द बरा वाटतो.

पहिल्या दिवशी मी मोठ्या हौसेनं नवा ब्रश नेला होता. शून्य नंबरचा, चार केसांचा. मास्तरांनी तो हातात घेतला, उजेडात धरून कौतुकानं पाहिला आणि आपल्या खिशात ठेवून दिला.

"हा सहा महिन्यांनी परत देईन, ताई. तोवर हा वापरा."

त्यांनी मला दिला तो दहा नंबरचा चपटा ब्रश, डुकराच्या राठ केसांचा, चांगला पाऊण इंच रुंद. त्यानं एखादी खिडकी रंगवून झाली असती.

"अहो मास्तर, ह्यानं पापण्या कशा काढायच्या?"

"पापण्या काढायला सांगितल्या कुणी?" मास्तर म्हणाले, आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे गेले.

वर्गात मॉडेल म्हणून बसायला एक निवृत्त बस-कंडक्टर येत. भव्य नाक, भरघोस मिशा. मास्तरांनी आम्हांला आधी कॅनव्हासवर पातळ मातकट रंग चिंधीनं पुसून घ्यायला लावला. पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर प्रत्येक रंग काळाच वाटतो. मधल्या रंगाची जमीन तयार असली म्हणजे उजेड वर चढवता येतो आणि सावली खाली उतरवता येते. मग म्हणाले, "डोळे किलकिले करा. अगदी मिटत आणा. आता मिशा दिसतात?"

मिशा दिसेनात. नाकपुड्या दिसेनात, चष्म्याची काडी दिसेना, कपाळावरच्या आठ्या दिसेनात. दिसत होते ते उजेडाचे तीन-चार मोठे तुकडे आणि सावलीचे दोन. कपाळाचा एक, गालाच्या हाडाचा एक, नाकाच्या दांड्याचा एक. भुवईखालचा खळगा आणि मानेची बाजू ह्यांची मिळून एकच सलग सावली झाली होती.

"हे काढा," मास्तर म्हणाले. "नाक काढू नका, डोळा काढू नका. ज्याला नाव आहे असं काहीच काढू नका. उजेडाचा तुकडा दिसेल, त्याचा आकार बघा, त्याचा रंग कालवा आणि एका फटकाऱ्यात ठेवा. ठेवला की हात काढून घ्या. पुन्हा त्याला चोळायला जायचं नाही."

वाचायला हे सोपं वाटतं. पण हाताची सवय अशी, की रंग लावला रे लावला की तो जरा सारखा करावा, कडा जरा पुसावी, गुळगुळीत करावं. आणि चोळलेला रंग मरतो. ताज्या फटकाऱ्यात ब्रशच्या केसांच्या रेघा असतात, रंगाचा लहानसा बांध एका कडेला उभा असतो, त्यावर उजेड पडतो. चोळला की ते सगळं सपाट होऊन चिखल उरतो. मास्तर ब्रश पेन्सिलीसारखा धरू देत नसत. दांड्याच्या अगदी टोकाला धरायचा आणि खांद्यापासून हात हलवायचा. दर दोन-तीन फटकाऱ्यांनंतर सहा पावलं मागं जाऊन पाहायचं आणि पुन्हा पुढं यायचं. दोन तासांच्या वर्गात माझी शिवाजी पार्कला फेरी मारल्याइतकी चाल व्हायची.

रंग दिले तेही चारच. पांढरा, पिवळ्या मातीचा, लाल आणि काळा. स्वीडनमध्ये अँडर्स झोर्न (१८६०–१९२०) नावाचा मोठा चित्रकार होऊन गेला. ह्या चार रंगांच्या जुळणीला त्याचंच नाव पडलं आहे. निळा नाही, हिरवा नाही, मग चित्र कसं व्हायचं? पण काळ्यात पांढरा मिसळून तो तांबूस रंगाशेजारी ठेवला, की डोळ्यांना तो निळसर दिसतो. काळ्यात पिवळी माती मिसळली की शेवाळी हिरवा होतो. माणसाच्या चेहऱ्याला एवढं पुष्कळ झालं. आमच्याकडे चार डबे मसाल्याचे आणि भाज्या बारा महिन्यांच्या, तसंच हे.

असल्या चित्राला लोक 'झटपट काढलेलं' म्हणतात. वर्गाबाहेरून जाणारे पालक दारातून डोकावत आणि म्हणत, "अजून अपुरं दिसतंय." ही तक्रार फार जुनी आहे. इटलीत व्हासारीनं चित्रकारांची चरित्रं लिहिली; १५६८च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत टिशियनच्या उतारवयातल्या चित्रांबद्दल त्यानं लिहून ठेवलं आहे, की ती जवळून पाहिली तर काही कळत नाही आणि लांबून पाहिली तर परिपूर्ण दिसतात. पुढं तो असंही बजावतो, की पुष्कळांनी त्याची नक्कल करायला जाऊन भोंगळ चित्रं केली, कारण त्यांना वाटलं ह्यात कष्ट नाहीत. टिशियन मात्र तीच जागा पुन्हा पुन्हा रंगवत असे. वेलास्केसनं 'लास मेनिनास'मध्ये (१६५६) स्वतःलाच कॅनव्हाससमोर उभं करून रंगवलं आहे. त्याच्या हातातला ब्रश पाहा, केवढा लांब दांड्याचा आहे! हार्लेमच्या फ्रान्स हाल्सनं वृद्धाश्रमाच्या कारभारणींचं चित्र काढलं ते १६६४च्या सुमारास, म्हणजे त्यानं ऐंशी ओलांडल्यावर. काळे कपडे घातलेल्या त्या म्हाताऱ्या बायका, त्यांचे हात दोन-तीन फटकाऱ्यांत उभे केलेले. व्हॅन गॉघला हाल्सचं इतकं वेड, की १८८५ साली भावाला पत्र लिहिताना त्यानं हाल्सच्या काळ्या रंगाच्या छटा मोजल्या आणि आकडा सत्तावीसवर नेला. अमेरिकन सार्जंटच्या चित्रातले फटकारे पाहिले तर वाटतं, माणूस शीळ घालत रंगवत असेल. प्रत्यक्षात तो अख्खं डोकं खरवडून पुन्हा रंगवायचा, मनासारखं होईतो कितीदातरी.

आपल्याकडेही ह्या विद्येची मोठी परंपरा आहे. मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ साली निघालं, आणि तिथून व्यक्तिचित्रकारांच्या पिढ्या बाहेर पडल्या. गोव्यातल्या सांगे गावचे आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) त्यांतलेच. त्यांना 'पूर्वेचा रेम्ब्राँ' म्हणत. पणजीला फोंतेन्यास भागातल्या फुंदासांव ओरिएंत ह्या संस्थेत त्यांच्या चित्रांचा संग्रह आहे. गेल्या मे महिन्यात मी मुद्दाम जाऊन आले. आपल्या माणसांच्या गव्हाळ, सावळ्या चेहऱ्यावर उजेड कसा पडतो ते त्यांच्या चित्रांसमोर उभं राहून पाहावं. सावंतवाडीकडचे सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) ह्यांचं नाव पुष्कळांना ठाऊक नसेल, पण हातात दिवा घेतलेल्या बाईचं त्यांचं चित्र घरोघर ठाऊक आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते लावलेलं आहे, आणि कितीतरी लोक ते रविवर्म्याचं समजून परत येतात. ते जलरंगातलं आहे, आणि समोर दिवा घेऊन उभी होती ती हळदणकरांची मुलगी.

ह्या शेवटच्या गोष्टीवरून मास्तरांनी आम्हांला घरचा अभ्यास दिला. "बाहेरचं माणूस काढणं सोपं. आता घरातलं कुणीतरी बसवा."

आमच्या ह्यांना बसवून पाहिलं. पाचव्या मिनिटाला ते घोरू लागले. लेक पुण्याला. राहिल्या सासूबाई.

आमच्या सासूबाईंना मी 'आई' म्हणते. त्यांना ऐंशी वर्षं पुरी झाली होती आणि दोन महिन्यांवर सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ आला होता. त्यासाठी धाकट्या दिरांनी आईंचा एक मोठा फोटो करून घ्यायचं ठरवलं होतं. फोटोवाला घरी आणला. आईंनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. त्यांना फोटोचा तिटकारा होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. समारंभात कॅमेरा निघाला की त्यांना हमखास स्वयंपाकघरात काहीतरी आठवे. म्हणून मी विचारलं ते भीत भीतच.

"किती वेळ बसावं लागेल?" त्यांनी विचारलं.

"वीस मिनिटं बसायचं, पाच मिनिटं विश्रांती. असं तासभर. चार-पाच वेळा."

"म्हणजे तीन माळा जप," त्या हिशेब करून म्हणाल्या. "बसते."

मुलुंडच्या आमच्या घराला आतल्या खोलीत उत्तरेची खिडकी आहे. चित्रकाराला उत्तरेचा उजेड लागतो, कारण तिकडून ऊन येत नाही आणि सावल्या तासातासाला हलत नाहीत. मुंबईत ह्या नियमाला एक अपवाद आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. पण आम्ही बसलो ते मार्गशीर्षात. चार वाजताचा चहा झाला की आई खिडकीशी खुर्चीवर बसत, मांडीवर माळ. जप मनातल्या मनात करायचा, ओठ हलवायचे नाहीत, एवढी एकच अट मी घातली होती. घरभर टर्पेंटाइनचा वास. "पूर्वी रॉकेलच्या स्टोव्हचा यायचा," आई म्हणाल्या, "त्यापेक्षा बरा."

घरातल्या माणसाच्या चेहऱ्याकडे आपण कामापुरतं पाहतो. भाजी आवडली का, राग आला का, औषध घेतलं का, एवढं चेहऱ्यावर वाचलं की नजर पुढं सरकते. चौतीस वर्षं एका ओट्यापाशी उभं राहिलेल्या दोन बायका एकमेकींसमोर तासभर नुसत्या बसल्या आहेत, आणि एक दुसरीकडे टक लावून पाहते आहे, हा प्रकार आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होता. पहिल्या दिवशी दोघींनाही अवघडल्यासारखं झालं. आई खिडकीबाहेरच्या कबुतरांकडे पाहत राहिल्या. मी डोळे किलकिले केले, आणि मग हळूहळू सासूबाई दिसेनाशा झाल्या. समोर उरला तो उजेड.

आई सावळ्या आहेत. सावळ्या चेहऱ्यावर उजेडाची जी मौज असते, ती गोऱ्या चेहऱ्यावर नाही. खिडकीतून आभाळाचा थंड उजेड येत होता, आणि जिथं त्वचा ताणलेली होती – कपाळाचा उंचवटा, गालाचं हाड – तिथं तो निळसर रुपेरी होऊन बसला होता. मास्तर सांगत, की चेहऱ्याचे आडवे तीन पट्टे धरा: कपाळ पिवळटाकडे झुकतं, गाल-नाक-कान तांबूस, आणि हनुवटीकडचा भाग करडा. आईंच्या चेहऱ्यावर ते अगदी नीट दिसत. गालाचा रंग पिकलेल्या जांभळाच्या सालीसारखा, आणि हनुवटीखाली गल्ल्यासारखी खोल सावली. सुरकुत्या अगणित होत्या. माझ्या जुन्या धंद्यानं मला त्या एकेक मोजायला लावल्या असत्या; पण किलकिल्या डोळ्यांना त्या सगळ्या मिळून गालाचे तीन उतार दिसत, आणि तीन उतारांना तीन फटकारे पुरत.

तीन बैठकी झाल्या. चित्राचा फोटो मोबाइलवर काढून मी रविवारी मास्तरांना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला.

"चेहरा बरोबर आहे, ताई. माणूस अजून आलेलं नाही. सगळीकडे तुम्ही सारख्याच आवाजात बोलताय. कानही तितकाच स्पष्ट, डोळाही तितकाच, पदराचा काठही तितकाच. माणूस बोलतं तेव्हा एका शब्दावर जोर देतं, बाकीचे सोडून देतं. कडा सोडा. दोनच जागी धार ठेवा, बाकीचं विरू द्या."

"मग आता काय करू?"

"वर्तमानपत्र लावा."

ही एक युक्ती आहे. लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये हेन्री टाँक्स नावाचे शिक्षक होते. त्यांच्या नावावरून हिला 'टाँकिंग' म्हणतात. ओल्या चित्रावर वर्तमानपत्राचा कागद पसरायचा, तळहातानं दाबायचा आणि अलगद सोलून काढायचा. वरचा जाड रंग कागदाबरोबर निघून येतो, बारकावे जातात, खाली उजेड-सावलीची मोठी वाटणी तेवढी राहते. घरी येऊन मी हे केलं. कागदावर आईंचा चेहरा उलटा उमटला होता, एका राजकीय बातमीवर. त्या बातमीतला 'कि' ऱ्हस्व होता. तेवढं मात्र नजरेतून सुटलं नाही!

चौथ्या दिवशी मी पॅलेटवर रंग कालवत होते, तेव्हा आईंनी विचारलं, "माझा रंग कुठला गं ह्यातला?"

मी पिवळ्या मातीत लाल आणि थोडा काळा घालून केलेला तपकिरी ढीग दाखवला. त्यांनी हात पुढे केला, मनगट उलटं करून त्या ढिगाशेजारी धरलं आणि दोन्ही नीट ताडून पाहिलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "उजळ नको करूस हं."

"नाही करत."

"मागे एकदा केला होता एकानं."

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. माळ मांडीवर तशीच राहिली होती.

१९६३ साल. आई राजापूरच्या. स्थळ मुंबईचं, म्हणून आधी फोटो पाठवायचा होता. वडील त्यांना एसटीनं रत्नागिरीला एका स्टुडिओत घेऊन गेले. फोटोवाल्यानं फोटो काढला आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली. निगेटिव्हवर जिथं पेन्सिल फिरते तिथं छापताना उजेड अडतो, आणि कागदावर ती जागा उजळ येते. असं करून त्यानं कपाळ, गाल, नाक, गळा सगळं गोरंमोरं आणि गुळगुळीत करून दिलं. वडिलांनी काही सांगितलं नव्हतं. ते सगळ्याच मुलींना तसं करून देत. फोटो पसंत पडला. पुढं मुलगी पाहण्याचा कार्यक्रम संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात झाला. लग्न होऊन आई ह्या घरात आल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीपाशी, चुलतसासूबाई त्यांच्याकडे पाहून कुणाला तरी म्हणाल्या, "फोटोत उजळ होती."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. पुढं कुणी काही म्हणालं नाही. तुझे सासरे तर कधीच नाही. पण फोटो काढायचा म्हटला, की मला वाटायचं, हा आता दुसऱ्याच कुणाचा तरी काढणार. आणि मग मी त्या दुसरीसारखं दिसायचं."

त्या रडल्या-बिडल्या नाहीत. सांगताना त्यांची डावी भुवई किंचित वर चढली होती. ओठांचा डावा कोपरा सैल पडला होता आणि तिथं हसू आणि दुखणं ह्यांच्या मधलं काहीतरी होतं. घरातल्या सगळ्यांना आईंचं तोंड माहीत आहे ते घट्ट मिटलेलं, सुतासारख्या सरळ रेषेचं. व्यक्तिचित्र म्हणजे ज्यात तोंडापाशी काहीतरी बिनसलेलं असतं असं चित्र, असं सार्जंट म्हणे, असं सांगतात. मी तीन बैठकी ती सरळ रेषच रंगवत होते, आणि ती समोर होतीही. आता ती तिथं नव्हती.

मी दहा नंबरचा ब्रश भरून घेतला. कपाळावर रुपेरी उजेडाचा एक फटकारा. गालाच्या हाडावर एक. नाकाखालची सावली एका दाबात. खालचा ओठ एका आडव्या फटकाऱ्यात, आणि डावा कोपरा बोटानं विरवून टाकला. डाव्या डोळ्याचा खळगा नुसता अंधार, आत पांढऱ्याचा एक ठिपका. उजव्या गालाची कड भिंतीच्या रंगात मिसळून जाऊ दिली. ती कुठं संपते आणि भिंत कुठं सुरू होते ते डोळ्यानंच ठरवावं. भुवईला मात्र धार ठेवली. कान, पदर, केसांचा अंबाडा ह्यांना हातच लावला नाही. तिथं कॅनव्हासची मातकट जमीन उघडी राहिली. सगळे मिळून अकरा-बारा फटकारे झाले असतील. मग मी ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात टाकला, तो पुन्हा हातात यायला नको म्हणून.

"झालं?" आईंनी विचारलं.

"झालं."

"दाखव नको आत्ता. वाळू दे."

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत घेत हळूहळू घट्ट होतं. चित्र तीन आठवडे कपाटावर भिंतीला टेकून ठेवलं होतं. मग ह्यांनी बैठकीच्या खोलीत खिळा ठोकला.

धाकटे दीर पाहायला आले ते नाक चित्राला लावून उभे राहिले. "वहिनी, छान आहे. पण डोळा कुठाय?" खरंच, तिथून डोळा नव्हता, रंगाचे ढेकळासारखे गोळे होते. मी म्हटलं, "भावजी, मागं या." ते दोन पावलं मागं आले. "आणखी." सोफा आडवा आला. आमची बैठकीची खोली दहा फुटांची. चित्र दिसायला हवं तेवढं अंतर तिच्यात मिळेना. शेवटी ते सरकत सरकत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले, वळून त्यांनी पाहिलं, आणि बोलायचे थांबले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आई अशी बघते, नाही?"

त्या दिवसापासून घरात येणाऱ्या प्रत्येक माणसाला आम्ही थेट स्वयंपाकघराच्या दारात नेऊन उभं करतो. नाहीतरी आम्हां दोघींचं ह्या घरातलं बहुतेक आयुष्य त्याच दारातून बैठकीच्या खोलीकडे पाहण्यात गेलं आहे.

सहस्रचंद्रदर्शनाला आईंना निरांजनांनी ओवाळलं, तुला झाली, पाहुणे जेवून गेले. फोटोही निघाले, आणि त्या दिवशी आई प्रत्येक फोटोत जागच्या जागी बसून होत्या. रात्री सगळी निजानीज झाल्यावर मी दिवा मालवायला आले, तर त्या एकट्याच उंबऱ्यात उभ्या होत्या, दाराच्या चौकटीला हात देऊन.

"अगं, माझं काय बरंवाईट झालं ना," त्या म्हणाल्या, "तर भिंतीवर हे लाव. लग्नातल्या फोटोवरून मोठा करून आणतील हे लोक, हार घालून. तो नको."

"आई, आजच्या दिवशी काय हे बोलणं!"

"आजच बोलायचं. लक्षात ठेव म्हणजे झालं." त्या आणखी थोडा वेळ चित्राकडे पाहत राहिल्या. मग, रव्याचा लाडू जरा जास्त वळला गेला की ज्या सुरात सांगतात त्याच सुरात म्हणाल्या, "कानापाशी मात्र जरा अपुरं वाटतंय."

"ते तसंच सोडायचं, म्हणतात मास्तर."

"असं म्हणतात होय? मग राहू दे तसंच."